नवमीचं पान

भाद्रपदाची पौर्णिमा उलटली की आमच्या रोहण्यात दोन गोष्टींना भाव येतो. एक गवारीच्या शेंगांना आणि दुसरा मला. गवारीचं कारण उघड आहे. पितरांचा पंधरवडा लागला की घरोघरी पानावर चार-पाच भाज्या लागतात, आणि त्यात गवार नसेल तर पितर उपाशी उठतात अशी बायाबापड्यांची खात्री असते. माझं कारण असं की मी भुताखेतांच्या गोष्टी लिहितो, आणि दिवाळी अंकांचे संपादक नेमके याच दिवसांत जागे होतात. वर्षभर ज्यांना माझा पत्ता सापडत नाही त्यांची कार्डं एकापाठोपाठ एक येऊ लागतात. भयकथा लवकर पाठवा, वाचकाची झोप उडाली पाहिजे. वाचकाची उडायची तेव्हा उडो, माझी तर कार्ड आल्या दिवशीच उडते.

यंदाही पंधरवडा लागला आहे. मांडवावर दोडके लोंबताहेत, कारल्याच्या वेलाचा कडसर वास हाताला लागतोय, आणि बांधावर अळूची पानं एवढी मोठी झाली आहेत की सर आली तर शेळीचं पिल्लू खाली मावेल. माझ्या मांडीवर कोरे कागद आहेत. अजून एक ओळ उतरलेली नाही. या दिवसांत माझं मन कथेत नसतंच. ते जातं आणीबाणी उठल्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या पावसाळ्यात, पंधरवड्याच्या त्या एका आठवड्यात, आणि तिथून हलायचं नाव घेत नाही.

माझी लिहायची जागा तेव्हाही हीच होती, दोडक्याच्या मांडवाखाली. भयकथा लिहिणारा माणूस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पडका वाडा, मिणमिणता कंदील असलं काहीतरी येतं. माझ्या डोक्यावर दोडके असायचे. हडळ केस मोकळे सोडून पिंपळावरून उतरते आहे असं लिहिताना जोरात मान वर केली की एखादा दोडका टाळूवर आपटायचा, आणि हडळीच्या जागी मीच किंचाळायचो. शेतात वांगी तोडणारी माय लांबूनच ओरडायची, "लागलं का रे? दोडका मोडला त नाई?" तिची काळजी दोडक्याची होती. तो बाजारात जाणार होता, मी जाणार नव्हतो.

गावाला माझ्या धंद्याविषयी एक पक्का गैरसमज होता. ज्याअर्थी हा भुतांविषयी लिहितो, त्याअर्थी याला भुतांतलं कळतं. त्याच पावसाळ्यात शेजारची सखूबाई थेट मांडवात आली होती. तिची म्हैस दूध देईना, आणि नाल्यावरून येताना तिला काहीतरी लागलं असणार असं सखूबाईचं म्हणणं होतं. मी म्हटलं, मावशी, ढोरांच्या डॉक्टरला दाखवा. ती हसली. "डाक्टरले का समजते त्यातलं? तू लिहिते ना?" शेवटी मी म्हशीला सरकी-ढेप जास्त द्यायला सांगितली. म्हैस दूध द्यायला लागली आणि माझी कीर्ती पार आर्वीच्या रस्त्यापर्यंत गेली.

संध्याकाळी मात्र आमच्या अंगणात खरा दरबार भरायचा. दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, आणि मेथीच्या जुड्या बांधायच्या असत. आबा, म्हणजे माझे वडील, सांभार निवडत. माय आणि वत्सलाताई जुड्या बांधत. ओल्या कोथिंबिरीचा तो वास, अंबाडीच्या ओल्या सालीच्या गाठी, आणि त्या गाठींबरोबर बांधल्या जाणाऱ्या गावच्या बातम्या. कोणाचा बैल पोळ्यापासून हरवला आहे, आर्वीची गाडी नाल्यात कशी अडकली आणि कंडक्टर टपावर कसा चढून बसला, कोणाच्या सुनेनं सासूला काय उत्तर दिलं. बातम्या संपल्या की ताई म्हणायची, "आता वाच."

वत्सलाताई माझी मोठी बहीण. कारंज्याला दिली होती, संत्र्याच्या बागेत कामाला असणाऱ्या माणसाला. भाऊजी मोठे हसरे होते. धोतराच्या ओच्यात संत्री बांधून आणायचे आणि अंगणात आल्यावर ओचा सोडायचे, की संत्री चारी दिशांना पळायची. एका माघात ताई चुलत बहिणीच्या लग्नाला माहेरी आलेली असताना भाऊजी संत्र्यांच्या ट्रकवर नागपूरला निघाले आणि वाटेत ट्रक उलटला. निरोप येईपर्यंत आणि ताई कारंज्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. देह ठेवण्यासारखा नव्हता असं तिच्या दिरानं सांगितलं. ताईनं भाऊजींचं तोंडही पाहिलं नाही. पदरी मूलबाळ नव्हतं. ती परत आली आणि सांभाराच्या जुड्या बांधायला बसली.

ती माझी पहिली श्रोती, आणि इतकी विचित्र श्रोती मला पुन्हा भेटली नाही. ऐकताना ती कधी घाबरायची नाही. कथेत मांत्रिक आला, त्यानं भुताला बाटलीत कोंडलं किंवा जाळून टाकलं की माय सुटकेचा श्वास सोडायची आणि ताई मात्र रागवायची. "त्याले हाकललं काऊन? येवढ्या दूरून आलं बिचारं. जेवू घालाले पाह्यजे होतं." मी हसायचो. म्हणायचो, ताई, भूत जेवून शहाण्यासारखं घरी गेलं तर संपादक मला जेवू घालणार नाही.

आता वाटतं, तिचं बरोबर होतं. या पंधरवड्यात आमच्या गावात मेलेल्यांना कोणी भीत नाही. उलट त्यांच्यासाठी वडे तळतात, खीर करतात, आजोबांना कारलं आवडायचं म्हणून मुद्दाम कारलं शोधत फिरतात. पानावर पाणी फिरवून हाका मारतात. इकडे गाव मेलेल्यांना या म्हणायचं आणि तिकडे मी मांडवात बसून त्यांना दात आणि नखं चिकटवायचो.

त्या आठवड्यात ताईचं पुढे काय, हा प्रश्न आमच्या दारात येऊन उभा राहिला. हिंगणीचे महादेवराव बिजवर होते. बोरच्या कालव्याखाली भाजीपाल्याची शेती, पहिली बायको जाऊन दोन वर्षं झालेली, घरात शोभा नावाची पाच-सहा वर्षांची मुलगी आणि एक म्हातारी आत्या. पंधरवड्यात सोयरिकीची बोलणी कोणी करत नाही. पण पाटाची, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाची, करतात. का, तर ते लग्नच नाही असं जुन्या माणसांनी धरलेलं. त्याला मुहूर्त नको, मांडव नको, पंधरवडाही चालतो. मला याचाच आधी राग आला होता. पाहुणे यायचे होते म्हणून मी तो गिळला.

महादेवराव आणि आत्याबाई पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी आले. महादेवराव कमी बोलणारे, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले ते बसलेच. बोलायचं काम आत्याबाईंकडे होतं आणि त्या ते मनापासून करत होत्या.

"पाटाले का लागते?" त्या म्हणाल्या. "अवसेची रात, मांगचं दार, न पाच मानसं. सवाशिनी सामोर याच्या नाईत. झालं."

आबा मान खाली घालून म्हणाले, "रीत हाय खरी."

माय दाराआड होती. ताई चुलीपाशी होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. माझी बहीण अंधारात, मागच्या दारानं, चोरून आणलेल्या शेळीसारखी कोणाच्या घरात शिरणार होती. मी तोंड उघडणार तोच आत्याबाई माझ्याकडे वळल्या.

"आन लेखकबुवा, तुमाले एक इचाराचं होतं. पोरीचा पह्यला मालक अपघातात गेला म्हन्तेत. अशे आत्मे भटकतेत. पाट लागला का मांगं मांगं येतेत. तुमी त यातले जानकार. बंदोबस्त का करा लागन?"

मला आधी हसू येईल असं वाटलं. भाऊजी! माझी कथा ऐकली की परसात एकटे जायचे नाहीत, मला कंदील घेऊन बरोबर न्यायचे आणि "बोलत राह्य, बोलत राह्य" म्हणून बाहेर उभं करायचे. तो माणूस आता भूत होऊन कोणाला भिववणार होता? पण आत्याबाई वाट पाहत होत्या, आणि सखूबाईच्या म्हशीपासून माझ्या अंगात थोडा मांत्रिक शिरलेला होताच. मी आवाज जड केला.

"बरं केलं इचारलं, आत्याबाई. रात्रीचं त नावच काढू नोका. अशा मानसाले अंधार म्हन्जे मोकळं रान. पाट लावा लागते भर दुपारी. उन्हात. आन पोरगी घरात घ्या लागते सामोरच्या दारानं. मांगचं दार बंद. दारात पाच सवाशिनी पाह्यजे, ओवाळाले. येवढं केलं का तो येतच नाई."

"हे लिहेल हाय कुठी?"

"मी सोताच लिहितो, आत्याबाई. छापून येते."

आत्याबाईंनी हात जोडले. महादेवरावांच्या मिशीखाली काहीतरी हललं. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू जन्मात पहिल्यांदा माझं लिहिणं त्यांच्या कामी आलं होतं. मार्गशीर्षात, दिवसा, रीतसर अंगणात करायचं ठरलं. मायनं डोळे पुसले आणि चहात साखर जास्त टाकली. परतीची गाडी निघून गेली होती, म्हणून पाहुणे मुक्कामाला राहिले.

मी छाती फुगवून स्वयंपाकघरात गेलो. ताई भेंडी चिरत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"ताई, ऐकलं ना? उन्हात. सामोरच्या दारानं."

"ऐकलं. बरं केलं तुनं." भेंडीचे तुकडे बारीक बारीक होत गेले. "पन मधू, तू म्हनला, तो येतच नाई."

"अवं, ते म्हातारीसाठी..."

"मले समजते. मी तीन वर्सं वाट पाहून राह्यली रे. मले त्याहिचं तोंड नाई दिसलं. तुह्या गोष्टीतले सारे परत येतेत. वाईट होऊन येतेत, पन येतेत. हे एक डाव नाई आले. आता त तू दारच लावून टाकलं."

ही तीन वर्षं ती माझ्या गोष्टी कशासाठी ऐकत होती हे मला तेव्हा कळलं. लोक भिण्यासाठी ऐकत होते, आणि ही एक बाई मेलेलं माणूस घरी येतं एवढ्यासाठीच ऐकत होती. मला फार रडावंसं वाटलं. मी तिच्या पुढ्यातल्या भेंड्यांचे देठ काढत बसलो.

दुसऱ्या दिवशी पंचमी, भाऊजींची तिथी. सकाळी ताईनं आबांपुढे उभं राहून सांगितलं, "मी हिंगणीले जाईन. पन आधी त्याहिले एक डाव माह्या हातानं वाढू द्या. तथी दीर वाढते का नाई, मले कोन सांगते? नाई वाढू देल्लं, त मी कुठीच जात नाई."

आबा हादरले. जावयाचं पान त्याच्या भावानं वाढायचं, सासऱ्याच्या घरी नाही. आणि दुसरं घर ठरल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिल्याचं पान! छपरीत पाहुणे बसलेले. मोठ्या मुश्किलीनं जुळलेलं तासाभरात तुटणार.

"हळू बोल पोरी," आबा म्हणाले. "पाहुन्याइले ऐकू जाईन."

पाहुण्यांना ऐकू गेलंच होतं. महादेवराव छपरीतून उठून दारात आले. टोपी हातात होती.

"वाढू द्या, आबाजी," ते म्हणाले. आत्याबाई मागून त्यांचा सदरा ओढत होत्या. "नवमीले माह्या घरी शोभाच्या मायचं पान असते. अहेव गेली ना ते, सवाशीनच. मीच रांधतो, मीच वाढतो. माह्या हातची भाजी तिले जितेपनी आवडे नाई, आता का आवडन?" त्यांनी ताईकडे न पाहता टोपी डोक्यावर ठेवली. "ते पान तुमी वाढान काय? आन त्याहिचं पंचमीचं पान दरसाल माह्या घरी वाढू. जागा लय हाय."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "असं चालते का, लेखकबुवा?"

"चालते," मी म्हटलं. त्या वेळी मी सोंग करत नव्हतो.

ताईनं पान वाढलं. पळसाच्या पत्रावळीवर भात, कढी, वडे, गवार, आमच्याच मांडवावरचा दोडका. ते तिनं शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेऊन ठेवलं आणि ती मागे सरकली. आम्ही सगळे उभे होतो, महादेवराव पाण्याचा गडवा धरून. कावळा इतका लगेच आला की आबांच्या तोंडून "बरं झालं" निघालं. सगळ्यांना हायसं वाटलं. ताई मात्र मटकन खाली बसली. "येवढी भूक लागली होती त्याहिले," म्हणाली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली. आम्ही तिला रडू दिलं.

मार्गशीर्षात भर दुपारी ताईचं लग्न झालं. पाट म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. हिंगणीला समोरच्या दारात पाच काय, अकरा सवाष्णी उभ्या होत्या, कारण आत्याबाईंना कसली कसर ठेवायची नव्हती. आरतीच्या तबकांच्या गर्दीत ताईचा चेहरा मला नीट दिसलाही नाही. शोभा तिचा पदर धरून आत गेली एवढं दिसलं.

त्यानंतर आमच्या अंगणात जुड्या बांधल्या जात होत्या, बातम्याही येत होत्या, पण "आता वाच" म्हणणारं कोणी नव्हतं. माय ऐकता ऐकता डुलक्या घ्यायची. मी ताईची आठवण काढत लिहू लागलो आणि माझी भुतं बिघडली. ती दार वाजवून आत येऊ लागली, पाणी मागू लागली, घरच्यांची खुशाली विचारू लागली. एका संपादकानं कळवलं की तुमचं भूत हल्ली फार सोज्वळ झालं आहे. ताई महालक्ष्म्यांना माहेरी आली तेव्हा मी तिला ते कार्ड वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "त्यायले का समजते? तू असंच लिहीत जाजो." ती आली की मी दिवसभर मांडवाखाली तिला वाचून दाखवायचो. ते दोन-चार दिवस सोडले तर माझं वर्ष नुसतं वाट पाहण्यात जायचं.

हिंगणीला पंचमीचं पान खरोखरच दरसाल वाढलं जायचं. महादेवराव आठवणीनं बाजारातून संत्रं आणायचे, त्या दिवसांत हिरवं, आंबट असायचं तरी. नवमीला शोभाच्या मायचं पान ताई वाढायची आणि म्हणे तिच्याशी गप्पाही मारायची. पोरगी आता तिसरीत गेली, तुझ्यासारखीच हट्टी आहे, असलं काहीबाही.

ताईचा संसार सहा-सात वर्षांचा झाला. एका पावसाळ्यात तिला ताप आला. वर्ध्याला नेलं, पण तो उतरला नाही. मी पोचलो तेव्हा तिला हिरवा चुडा भरला होता, कपाळभर कुंकू लावलं होतं. माय तिच्या पायाशी बसून एकच म्हणत होती, "अहेव गेली माही पोर. अहेव गेली." मला मायचा राग आला. एकदा रांडपण भोगलेली पोर कुंकवासकट गेली याचं समाधान त्या बाईला रडता रडता होतं. आता मायही नाही, आणि तो राग मला जपून ठेवता आला नाही. मला तिचं तोंड तरी पाहायला मिळालं, एवढं समाधान मी तरी कुठे टाकून दिलं आहे?

अहेव गेली म्हणून ताईचं पानही नवमीलाच. हिंगणीच्या घरी त्या दिवशी आता दोन पानं शेजारी शेजारी मांडतात. दोन्ही शोभा वाढते. ती आता पंधरा वर्षांची आहे, दोघींच्याही हातचं जेवलेली. परवा नवमीला मी आमच्या मांडवावरचे दोडके आणि कोवळी गवार घेऊन गेलो होतो. महादेवराव थकले आहेत. ते ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. शोभानं दोन्ही पत्रावळी अंगणात ठेवल्या, पाणी फिरवलं आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"मामा," ती हळूच म्हणाली, "तुमी येवढं लिहिता त्यायच्यावर. खरं सांगा. येतेत काय?"

महादेवरावांनीही मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी अंगणातल्या त्या दोन पानांकडे बघत राहिलो, आणि मनात एवढंच होतं, की ताई, तू ये. दिवसा ये, रात्री ये, समोरच्या दारानं ये नाहीतर मागच्या दारानं, कशीही दिसत असलीस तरी ये.